घोंगडीची घडी

वेरूळला निघालेल्यांच्या वाटेत खुलताबाद लागतं आणि बहुतेकांसाठी ते वाटेतच राहतं. फार तर शनिवारी भद्रा मारुतीला उतरायचं, निजलेल्या हनुमानाचं दर्शन घ्यायचं आणि पुढच्या गाडीने लेणी गाठायची. अलीकडे थांबायला आणखी एक कारण झालं आहे, औरंगजेबाची कबर. २०२५च्या मार्चमध्ये तिच्यावरून राज्यात जो गदारोळ झाला, तेव्हापासून बाहेरचा माणूस खुलताबाद म्हटलं की दुसरं काही ऐकूनच घेत नाही. मी गेले तेव्हा दरवाजाशी बंदोबस्ताचे पोलीस खुर्च्या टाकून बसले होते. नाव, गाव, फोन नंबर वहीत लिहून घेत होते. “कशासाठी आलात, ताई?” या प्रश्नावर मी “दर्गे बघायला” म्हटलं. हवालदारांनी रकान्यात लिहिलं, ‘पर्यटन’.

खरं कारण त्या रकान्यात मावलं नसतं. माझ्या फोनवर रोज सकाळी सुविचार येतात आणि गेली काही वर्षं त्यातले निम्मे रूमीच्या नावावर असतात. मागे सूर्यास्त, पुढे एखादा पांढरा झगा घालून गिरक्या घेणारा दरवेश, आणि मध्ये प्रेमाबद्दल काहीतरी गोड. कोन्यात १२७३मध्ये वारलेला हा माणूस पेशाने धर्मशास्त्राचा पंडित होता, त्याची मस्नवी सहा खंडांची आहे, आणि तिच्यात वाचकाला गोंजारणं कमी आणि कान धरणं जास्त आहे. हे त्या सूर्यास्तातून कळत नाही. ‘सूफी’ म्हणजे आता एक प्रकारचं संगीत, एक प्रकारचा कुर्ता आणि सगळ्यांवर प्रेम करा असा एक बिनखर्चाचा सल्ला, एवढंच उरलंय. मला बघायचं होतं की सातशे वर्षांपूर्वी या लोकांनी खरोखर काय शिकवलं, आणि त्यातलं काय आजच्या घरात, कचेरीत, बँकेच्या रांगेत उपयोगी पडतं. त्यासाठी कोन्याला जायची गरज नव्हती. संभाजीनगरहून एसटीने २५-२६ किलोमीटर पुरे होते.

रस्ताही त्याच इतिहासातून जातो. दौलताबादचा किल्ला मागे पडला की चढ सुरू होतो. वाटेत कागजीपुरा लागतो, अजूनही हातकागद करणारं गाव. पावसाळा सरलेला होता, रस्त्याच्या कडेला बाया पाट्यांमधून सीताफळं घेऊन बसल्या होत्या. घाट चढून वर गेलं की हवा बदलते, आणि एका पठारावर तटबंदीच्या आत घुमट दिसायला लागतात. जुन्या लोकांच्या तोंडी या गावाचं नाव आजही ‘रौजा’ आहे. खुलताबाद, म्हणजे खुल्दाबाद, हे नाव औरंगजेबाला मृत्यूनंतर मिळालेल्या ‘खुल्द-मकान’ या उपाधीवरून पडलं. म्हणजे नावातही बादशहाने संतांना मागे टाकलं.

शाळेत आपण तुघलकाचा विक्षिप्तपणा शिकलो. १३२७च्या सुमाराला मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवायला घेतली, लोकांचे हाल झाले, योजना फसली. परीक्षेला एवढंच यायचं. पण त्या तांड्यांतून कोण आलं? कारकून आले, सैनिक आले, काझी आले, कवी आले, आणि त्यांच्याबरोबर चिश्ती परंपरेतले सूफी संत निजामुद्दीन औलिया यांचे शिष्यही आले. निजामुद्दीन १३२५मध्येच दिल्लीत वारले होते. गुरू गेलेला, शहर सुटलेलं आणि वय उतरणीला लागलेलं, अशा अवस्थेत बुऱ्हानुद्दीन गरीब हा त्यांचा जवळचा शिष्य दख्खनेत आला. त्यांचे भाऊ मुंतजिबुद्दीन, ज्यांना लोक जर जरी जर बक्ष म्हणतात, ते त्याआधीच इथे येऊन वारले होते. त्यांचा उरूस आजही मराठवाड्यातल्या मोठ्या यात्रांपैकी एक आहे. बुऱ्हानुद्दीन १३३७मध्ये गेले. तुघलकाचा विचार बदलला, दिल्लीकर दिल्लीला परतले. या लोकांच्या कबरी मात्र इथेच राहिल्या.

रस्त्याच्या एका बाजूला बुऱ्हानुद्दीन यांचा दर्गा, समोर त्यांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी यांचा. बुऱ्हानुद्दीन यांच्या अंगणात शिरलं की प्रशस्त फरसबंदी आहे. माझ्याशिवाय तिथे एक नवरा-बायको होते. त्यांचं तापाने फणफणलेलं पोर आईच्या खांद्यावर झोपलं होतं. बापाच्या कपाळाला गंध होतं. सावलीत बसलेल्या म्हाताऱ्या चाचांनी मोरपिसांचा झाडू पोराच्या डोक्यावरून फिरवला आणि पुढच्याच दमात म्हणाले, “डाक्टर को भी दिखाना हां, सरकारी में. आज ही.” बाप म्हणाला, “तिथूनच आलो, चाचा.”

चाचांनी मग मला फरशीतल्या काही ठिपक्यांकडे बोट करून चांदीच्या झाडांची गोष्ट सांगितली. संत गेल्यावर शिष्यांची उपासमार व्हायला लागली, दर्ग्याला पैसे नव्हते, तेव्हा फरशीतून रोज चांदीचे कोंब फुटायचे आणि ते विकून गुजराण व्हायची. पुढे जहागिऱ्या मिळाल्या तसे कोंब यायचे थांबले. मला ही आख्यायिका फार खरी वाटते, म्हणजे अर्थाने खरी. जहागीर आली आणि चमत्कार बंद झाला हे सांगायला दर्ग्यातलेच लोक कचरत नाहीत.

आता घोंगडीची गोष्ट. ती इथली नाही, दिल्लीतली आहे. मीर खुर्द यांच्या ‘सियर-उल-औलिया’ या चौदाव्या शतकातल्या फारसी ग्रंथात ती येते. पण तिचा नायक या घुमटाखाली आहे, म्हणून ती इथेच बसून आठवावी.

बुऱ्हानुद्दीन निजामुद्दीन यांच्या खानकाहमध्ये, म्हणजे मठात, भटारखान्याचं काम बघत. रोज येणाऱ्या-जाणाऱ्या शेकडो लोकांच्या जेवणाची जबाबदारी. वय सत्तरीकडे झुकलेलं, अंगात अशक्तपणा. खाली जमीन टोचायची म्हणून ते आपली घोंगडी दुमडून, दुहेरी करून तिच्यावर बसायचे. त्यांच्याभोवती माणसं जमत, ते बोलत, लोक ऐकत. कुणीतरी जाऊन गुरूच्या कानावर घातलं की बुऱ्हानुद्दीन आता शेख झालेत, गादी घालून बसतात. पुढच्या भेटीत निजामुद्दीन त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. बुऱ्हानुद्दीन उठून खाली जमातखान्यात आले, तर पाठोपाठ सेवक निरोप घेऊन आला: इथून ताबडतोब निघा, तुम्हाला इथे जागा नाही.

म्हातारा माणूस घरी जाऊन सुतकात बसल्यासारखा बसला. लोक समाचाराला यायचे, तेही रडायचे. अमीर खुसरो गुरूचे लाडके. त्यांनी मध्यस्थी केली, ती चालली नाही. मग एके दिवशी खुसरो आपली पगडी सोडून गळ्यात गुंडाळून, गुन्हेगार राजासमोर उभा राहतो तसे गुरूसमोर जाऊन उभे राहिले. निजामुद्दीन यांनी विचारलं, काय हे? खुसरोंनी बुऱ्हानुद्दीन यांच्यासाठी माफी मागितली. गुरू हसले. दोघंही तशाच गळ्यात पगड्या बांधून आले तेव्हा क्षमा झाली.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला निजामुद्दीन यांचा रागच आला होता. कान भरणाऱ्यांचं ऐकून एका वृद्ध माणसाला हाकलून द्यायचं, आणि कशासाठी, तर घोंगडीच्या एका घडीसाठी? आजही मला ती शिक्षा जास्तीचीच वाटते. पण त्या अंगणात बसल्यावर दुसरी बाजूही दिसते. शिष्याचं काम भटारखान्याचं होतं. लोक जेवायला येत होते. हळूहळू ऐकायला यायला लागले. बसायची जागा जमिनीपासून चार बोटं वर आली. यात कुणाचंच काही बिघडलं नव्हतं, आणि असं काही बिघडत नसतं तेव्हाच ते सुरू होतं.

आपल्याकडे व्याख्यानमालांना जाणाऱ्यांनी आठवून बघावं. आधी वक्ता लाकडी खुर्चीवर बसतो. काही वर्षांनी मंचावर सोफा येतो. मग शाल-श्रीफळ, मग परिचय करून देणाऱ्याचं दहा मिनिटांचं भाषण, मग ‘सरांना वेळ कमी आहे’. सोफा कुणी मागितलेला नसतो, तो आपोआप येतो. फोनवर तर प्रत्येकाच्या हातात घोंगडी आहे आणि रोज सकाळी किती जण भोवती बसलेत त्याचा आकडाही समोर दिसतो. मी स्वतः लिहिते, त्यामुळे तो आकडा मी बघत नाही असं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवू नये. चिश्ती लोकांचं म्हणणं असं की अहंकार मोठ्या पापांतून शिरत नाही, सोयीतून शिरतो. म्हणून नजर सोयीवर ठेवा. हा प्रेमाचा सल्ला नव्हे, ही शिस्त आहे. सुविचारात ती मावत नाही, कारण ती कुणालाच आवडणार नाही.

गंमत म्हणजे ज्याला घोंगडीवरून घालवून दिलं, त्याच्याच शेजारी आज हैदराबादच्या निजामांचा मूळपुरुष, पहिला असफजाह झोपलेला आहे. १७४८मध्ये तो बुऱ्हाणपूरला वारला आणि त्याला इथे आणून पुरलं. बुऱ्हाणपूर हे शहरही फारुकी सुलतानांनी बुऱ्हानुद्दीन यांच्या नावाने वसवलेलं, आणि तापीच्या पलीकडचं झैनाबाद झैनुद्दीन यांच्या नावाने. ज्यांनी आयुष्यभर सुलतानांच्या दारी जाणं टाळलं त्यांच्या दारी सुलतानांनी मेल्यावर रांग लावली.

रस्ता ओलांडून झैनुद्दीन यांच्या दर्ग्यात गेलं की ती रांग संपते तिथे औरंगजेब आहे. कबर उघडी, वर छप्पर नाही, मातीत सब्जाचं रोप. भोवतीची संगमरवरी जाळी लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून नंतर निजामाने बसवली. भिंगारजवळच्या छावणीत १७०७मध्ये मेलेल्या बादशहाने आपल्याला इथे, झैनुद्दीन यांच्या पायाशी पुरावं आणि खर्च आपण शिवलेल्या टोप्यांच्या पैशांतून करावा असं सांगून ठेवलं होतं, हे सगळ्यांना पाठ आहे. चिश्ती परंपरेत सुईची एक जुनी गोष्ट सांगतात: निजामुद्दीन यांचे गुरू बाबा फरीद यांना कुणी कात्री भेट आणली तेव्हा ते म्हणाले, मला सुई द्या, मी कापत नाही, शिवतो. बादशहाच्या हातातही सुई होती, पण पन्नास वर्षं त्याने काय शिवलं आणि काय कापलं हे महाराष्ट्राला सांगायला नको. माझ्या लेखी त्या कबरीचं महत्त्व एवढंच की साऱ्या हिंदुस्थानच्या धन्याला शेवटी ३३८ वर्षांपूर्वी वारलेल्या एका फकिराचा शेजार हवासा वाटला. तिथे मी फार वेळ थांबले नाही.

झैनुद्दीन स्वतः जिवंत असताना त्यांनी राजाशी कसं वागायचं ते दाखवलं होतं. बहामनी सुलतान पहिला मुहम्मदशाह (राज्यकाळ १३५८ ते १३७५) याने आपल्या राज्यातल्या शेखांकडून निष्ठेची कबुली घेतली. झैनुद्दीन यांनी नकार दिला. दारू पिणाऱ्या राजाला मी मान्यता देणार नाही म्हणाले. सुलतानाने दौलताबाद सोडून जायचा हुकूम काढला. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की झैनुद्दीन आपली नमाजाची चटई उचलून गुरूच्या कबरीपाशी आले, काठी जमिनीत रोवली आणि बसले. आता मला इथून कोण उठवतो बघू. सुलतानाचा संताप उतरला, त्याने नमतं घेतलं, राज्यातली दारूची दुकानं बंद केली. ती काठी रोवलेली जागा म्हणजे मी मघाशी बसले होते ते अंगण. उपोषणाला बसणाऱ्या माणसाच्या या देशाला हे दृश्य ओळखीचं वाटायला हवं. फरक इतकाच की झैनुद्दीन यांची स्वतःसाठी काही मागणी नव्हती. त्यांना पद नको होतं, अनुदान नको होतं. म्हणून सुलतानाकडे त्यांना द्यायला काहीच नव्हतं आणि काढून घ्यायलाही काही नव्हतं.

राजाशी अंतर ठेवायचं तर पैशांशीही ठेवावं लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. निजामुद्दीन यांच्या खानकाहमध्ये जे येईल ते वाटून टाकलं जायचं. शुक्रवारच्या नमाजाला निघण्याआधी कोठार रिकामं करून झाडून घ्यायचं असा दंडक होता. जमीन-जहागीर घ्यायची नाही. दख्खनेत बुऱ्हानुद्दीन यांनीही हीच रीत चालवली. हे वाचायला छान वाटतं. पण मी महिन्याच्या पाच तारखेला घराचा हप्ता आणि दहा तारखेला एसआयपी जाणारी बाई आहे, आणि निजामुद्दीन काय, बुऱ्हानुद्दीन काय, दोघांनीही लग्न केलेलं नव्हतं. संसारी माणसाने दर शुक्रवारी कोठार झाडलं तर शनिवारी त्याची मुलं काय खातील? बाबा फरीद यांना बायका-मुलं होती, आणि त्यांच्या घरातल्या उपासमारीचे उल्लेख चिश्ती साहित्यातच आहेत. तेव्हा हा नियम जसाच्या तसा कुणी उचलावा असं मी म्हणणार नाही. मात्र त्याचा एक भाग उचलता येतो: घरात काय साठतंय हे आठवड्यातून एकदा कपाट उघडून बघायचं, आणि त्यातलं आपलं नसलेलं काय आहे ते ओळखायचं. आमच्या सोसायटीत दिवाळीला भंगारवाल्याकडे जे जातं त्यात घडीसुद्धा न मोडलेल्या वस्तू किती असतात ते मी बघितलंय.

खुलताबादेत मला सर्वांत जास्त ज्याला भेटायचं होतं तो संत नाहीच. हसन सिज्झी, दिल्ली दरबारचा कवी, खुसरोंचा मित्र. याची कबर मोठ्या दर्ग्यांपासून दूर, गावाबाहेर आहे. रिक्षावाल्या भावाने दोनदा विचारून खात्री करून घेतली: “हसन? तिकडं कुणी जात नाही, ताई. औरंगजेब झाला ना बघून?” तरी नेलं त्याने. वाटेत गवत गुडघ्याएवढं. पोरं क्रिकेट खेळत होती, त्यातल्या एकाने कबर कुठली ते बॅटने दाखवलं.

हसनने जे केलं ते आज आपल्याला साधं वाटेल. तो निजामुद्दीन यांच्याकडे जायचा, ते बोलायचे ते ऐकायचा आणि घरी येऊन तारखेसकट लिहून ठेवायचा. १३०८मध्ये त्याने सुरुवात केली आणि मध्ये खंड पडत का होईना, १३२२पर्यंत लिहीत राहिला. ‘फवाइद-उल-फुआद’ हे ते पुस्तक. त्याच्या नमुन्यावर पुढे हिंदुस्थानात संतांच्या बोलण्याच्या नोंदींचा एक अख्खा वाङ्मयप्रकार उभा राहिला. पुस्तकात तत्त्वज्ञान आहे, पण ते वरण-भातात मिसळून येतं. आज ऊन फार आहे, अमुक जण आला, तो काय म्हणाला, शेखांनी कोणती गोष्ट सांगितली, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हसन स्वतः नोकरदार माणूस. सैन्याच्या चाकरीत होता, पगारावर जगायचा, आणि पगार थकायचा.

त्यातला एक प्रसंग मला पाठ आहे. हसनचा पगार लांबला होता आणि त्याची चिंता त्याच्या चेहऱ्यावर दिसत असावी. शेखांनी एक गोष्ट सांगितली. एका शहरात एक श्रीमंत ब्राह्मण होता. तिथल्या अधिकाऱ्याची त्याच्यावर खप्पामर्जी झाली आणि त्याची सगळी मालमत्ता जप्त झाली. ब्राह्मण दाण्याला महाग झाला. एके दिवशी वाटेत एक मित्र भेटला, म्हणाला, कसं काय? ब्राह्मण म्हणाला, उत्तम, मजेत. मित्र चकित झाला: तुझं तर सगळं गेलं, मजा कसली? ब्राह्मणाने उत्तर दिलं की जानवं माझ्या अंगावर आहे ना अजून.

गोष्ट सांगून शेखांनी हसनला विचारलं, कळलं ना? हसनला कळलं, आणि त्याचा जीव हलका झाला असं त्याने लिहून ठेवलंय.

चौदाव्या शतकातला एक मुसलमान संत आपल्या मुसलमान शिष्याला धीर देण्यासाठी उदाहरण निवडतो ते जानवं न सोडणाऱ्या ब्राह्मणाचं. तो ब्राह्मण गोष्टीच्या शेवटी धर्म बदलत नाही, त्याला कुणी बदलायलाही सांगत नाही. त्याचं जानवंच तर गोष्टीचा कणा आहे. एकात्मतेवर भाषणं देणाऱ्यांपेक्षा मला हे जास्त भावतं, कारण निजामुद्दीन इथे एकात्मतेवर काही बोलतच नाहीत. त्यांना फक्त पगार थकलेल्या एका माणसाची झोप परत आणायची होती आणि त्यासाठी जवळचं जे चांगलं उदाहरण सापडलं ते त्यांनी वापरलं. ते दुसऱ्याच्या घरातलं होतं, याने त्यांचं काही अडलं नाही.

आणि ही गोष्ट भोळीही नाही. पगार थकवणाऱ्याला तिच्यात सोडून दिलेलं नाही. जप्ती करणारा अधिकारी त्यात अधिकारी म्हणूनच उभा आहे. कामगाराने गप्प बसावं असा अर्थ तिच्यातून काढायचा तर काढता येईल, मालकवर्ग काढीलही. पण शेख ती गोष्ट मालकाला सांगत नव्हते. माझ्या ओळखीत गेल्या दोन-तीन वर्षांत नोकरी गेलेली बरीच माणसं आहेत, पंचेचाळीस-पन्नाशीची. त्यांच्याशी बोलताना जाणवतं की पगार गेल्याचा घाव भरतो, पण ‘मी कोण’ या प्रश्नाचं उत्तर व्हिजिटिंग कार्डावर लिहिलेलं होतं आणि ते कार्ड गेलं, तो घाव भरत नाही. जप्त होणार नाही असं आपल्या अंगावर काय आहे, हा प्रश्न नोकरी असतानाच स्वतःला विचारून ठेवावा. हसनने पगार थकल्यावर विचारला आणि त्याला उत्तर मिळालं, कारण विचारायला त्याच्याजवळ माणूस होता.

संध्याकाळी शुलिभंजनला गेले. खुलताबादच्या जवळच्या या टेकडीवर दत्ताचं देऊळ आहे आणि एकनाथांनी इथे तप केलं असं मानतात. महिपतीने सांगितलेली कथा वाचकांना माहीत असेल: नाथांचे गुरू जनार्दनस्वामी, जे देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते, त्यांना दत्तात्रेय दर्शन देतात ते मलंग फकिराच्या वेशात, आणि बावरलेल्या एकनाथांना आधी ओळख पटत नाही. या डोंगरांत देव यायचा तर फकिराच्या वेशात येणार, हे सोळाव्या शतकातल्या माणसाला स्वाभाविक वाटत होतं. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले आणि त्यांचे दुसरे शिष्य श्रीगोंद्याचे शेख महंमद यांच्याबद्दल रा. चिं. ढेरे यांनी लिहिलं आहे, ते मुळातूनच वाचावं. देवळाशी एक दगड आहे, तो दुसऱ्या दगडाने वाजवला की धातूसारखा नाद येतो. सहलीला आलेली शाळकरी मुलं तो वाजवत होती आणि बाई ओरडत होत्या. वरून खुलताबादचे घुमट दिसतात.

सगळंच गोड आहे असं मात्र नाही. शिष्याच्या घोंगडीची घडी सहन न करणाऱ्या परंपरेत पुढे गाद्या वंशपरंपरेने चालू झाल्या, वाटण्यांचे दावे कोर्टात गेले. निजामुद्दीन यांनी दिल्लीतल्या बीबी फातिमा साम या साध्वीबद्दल बोलताना म्हटलं होतं की जंगलातून सिंह बाहेर आला तर तो नर की मादी असं कुणी विचारत नाही. हे ‘फवाइद’मध्येच आहे. आज त्याच निजामुद्दीन यांच्या दिल्लीच्या दर्ग्यात बायकांना कबरीच्या दालनात जाऊ देत नाहीत, जाळीबाहेर थांबवतात. कुणी २०१८मध्ये त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. मुळातलं वाक्य आणि आत्ताची पाटी यांतलं अंतर कुणी भरून काढायचं? संतांचं शिकवणं आज लागू आहे का असं लोक विचारतात. मला वाटतं तो प्रश्न आधी त्यांच्या दारातल्या लोकांना विचारायला हवा. ही तक्रार एका धर्माची नाही, आपल्याकडे पंढरपूरच्या देवळाची दारं उघडायला साने गुरुजींना १९४७मध्ये उपोषण करावं लागलं होतं.

मुक्कामाला संभाजीनगरला परतताना एसटीत एक निवृत्त शिक्षक शेजारी होते. खुलताबादचेच. मी हसनच्या कबरीवर गेले होते म्हटल्यावर त्यांना आश्चर्य वाटलं. म्हणाले, “त्याचं पुस्तक कुणी वाचलंय इथं? आम्हाला उर्दूत थोडंफार माहीत. मराठीत काय आहे?” सेतुमाधवराव पगडींचं सूफी संप्रदायावरचं पुस्तक आहे, असं मी सांगितलं. त्यांनी नाव लिहून घेतलं.

त्यांचा प्रश्न रास्त आहे. बुऱ्हानुद्दीन यांच्या बोलण्याच्या नोंदी काशानी घराण्यातल्या भावांनी इथेच, दौलताबादेत बसून फारसीत लिहिल्या. ‘नफाइस-उल-अन्फास’, ‘अहसन-उल-अक्वाल’ ही त्या ग्रंथांची नावं. महाराष्ट्राच्या भूमीवर चौदाव्या शतकात लिहिलं गेलेलं हे वाङ्मय आहे, ज्ञानेश्वरीनंतर अवघ्या चाळीस-पन्नास वर्षांतलं. त्याचा सविस्तर अभ्यास कार्ल अर्न्स्ट या अमेरिकन प्राध्यापकाने केला आणि १९९२मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. एका कबरीवरून आपण जेवढी शाई आणि पेट्रोल खर्च केलं त्याच्या शतांशात हे ग्रंथ मराठीत येऊ शकतात. विद्यापीठांत फारसी शिकवणारे, शिवकालीन कागद वाचणारे लोक आपल्याकडे आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी हे काम अंगावर घ्यावं, आणि एखाद्या प्रकाशकाने ते छापावं.